धाकट्याचं स्थळ

"मग बी.कॉम. कोणत्या साली झालात?" रामरावांनी पोह्यांची बशी टीपॉयवर ठेवत अक्षतला विचारलं.

"झालो नाही काका. सेकंड इयरलाच सोडलं."

रामरावांनी भाऊरावांकडे पाहिलं. हे स्थळ भाऊरावांनीच आणलं होतं. ते चहाच्या कपात पाहू लागले.

"पण बडा फुहाऱ्याच्या बाजारात आपलं दुकान आहे नं," अक्षत उत्साहाने सांगू लागला. "एसी, फ्रिज, कोल्ड रूम, सगळं दुरुस्त करून राहिलो. चार जणं आहेत हाताखाली. या सीझनला तर जेवायलाबी फुरसत नाही, काका."

"अच्छा," रामराव म्हणाले. ते बँकेत मॅनेजर होते, वर्षापूर्वी अमरावतीहून बदली होऊन जबलपूरला आलेले. कागदपत्रं अपुरी असलेल्या कर्जदाराला म्हणावं, तसं ते म्हणाले.

त्यांची मुलगी मैथिली आईशेजारी बसली होती. थोड्या वेळापूर्वीच ती आणि अक्षत गच्चीवर बोलून खाली आले होते. जिना उतरताना ती मोकळेपणाने हसत होती. आता ती ओढणीच्या काठाकडे पाहत होती.

प्रथमेश दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. धाकट्या भावासाठी मुलीकडचे घर बघायला येणार, म्हणून त्याने सकाळपासून खुर्च्या मांडल्या होत्या, मिठाई आणली होती. त्याचं काम तेवढंच होतं.

"आणि तुमचं शिक्षण?" रामराव एकदम त्याच्याकडे वळले.

"बी.ई. मेकॅनिकल."

"वा!" रामराव त्या दिवशी पहिल्यांदाच पुढे झुकले. "म्हणजे इंजिनिअर आहात. मग लग्न कसं नाही झालं अजून?"

प्रथमेशची आई नंदाताई घाईघाईने म्हणाली, "परीक्षांच्या मागं होता नं तो. आता नेपियर टाउनला कोचिंग क्लासमधे काउन्सेलर आहे."

ते खरंच होतं. डिग्री हातात आल्यावर प्रथमेश सरकारी परीक्षांना बसत राहिला. मधेच बाबा गेले. घरात कमावणारं कुणी उरलं नाही, तेव्हा अक्षत दुसऱ्या वर्षाला होता. 'दादाची डिग्री वाया जायला नको, त्याला अभ्यास करू द्या,' असं म्हणून तो एका मेकॅनिककडे कामाला लागला. प्रथमेशने अभ्यास केला. निकाल लागत गेले, त्यात त्याचं नाव नसायचं. पहिल्या-दुसऱ्या वेळी तो रडला होता. पुढे पुढे निकाल बघून तो शांतपणे जेवायला बसू लागला. मग वय उलटलं आणि परीक्षाही थांबल्या. हा काउन्सेलरचा पगार त्याच्या एकट्याच्या खर्चालाही जेमतेम पुरायचा. घर अक्षत चालवत होता.

संध्याकाळी भाऊरावांचा फोन आला. बोलून झाल्यावर आई पलंगावर बसली.

"काय म्हणाले?" अक्षतने विचारलं.

"घर पसंत आहे म्हणतात." आईने दोघांकडेही पाहिलं नाही. "पण थोरल्यासाठी विचारून राहिले."

अक्षत हसला. "अच्छा है ना! दादा, हो म्हण. मला काही टेन्शन नाही."

"तुझंच तर अडून राहिलं होतं रे इतके दिवस," आई प्रथमेशला म्हणाली. "घरी चालून आलं. अक्षतचं काय, त्याला कुणीबी मिळेल."

"बघू," प्रथमेश म्हणाला. त्याला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं चाललंय आणि आपण बाजूच्या खोलीतून ऐकतोय, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो टाय लावून क्लासच्या काचेच्या केबिनमध्ये बसला. बरगी धरणाकडचा एक मासेमार आपल्या मुलीला घेऊन आला होता. मुलगी बारावी झाली होती. बापाने खुर्चीच्या कडेवर बसत विचारलं, "सर जी, इतना पढ़ लेगी तो नौकरी लग जाएगी ना?"

"डिग्री तो ज़रूरी है," प्रथमेश म्हणाला. "बिना डिग्री के आजकल कोई पूछता नहीं."

हे वाक्य तो रोज म्हणायचा. आज मात्र ते तोंडातून निघालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. खोटं नव्हतं ते. बिनडिग्रीवाल्याला कुणी विचारत नाही, हे त्याने काल आपल्याच घरात पाहिलं होतं.

"और नौकरी?" बापाने पुन्हा विचारलं.

"उसका मैं नहीं बता सकता," प्रथमेश म्हणाला. असं तो यापूर्वी कधी म्हणाला नव्हता. बाप खुर्चीवरून उठला. मुलीने माहितीपत्रक घडी करून पिशवीत ठेवलं.

ती दोघं गेल्यावर प्रथमेश जिन्यात आला. त्याने भाऊरावांकडून नंबर घेऊन रामरावांना फोन लावला.

"काका, माझ्यासाठी नको. अक्षतचं जमत असेल तर बघा. घर तोच चालवतो, मी नाही."

"अहो, आज नसेल चांगली नोकरी, उद्या लागेल," रामराव समजुतीने म्हणाले. "डिग्री तर आहे ना हाताशी."

"मैथिलीला विचारलंत तुम्ही?"

"तिला काय विचारायचं? नातेवाइकांत आम्ही काय सांगणार, जावई एसी दुरुस्त करतो म्हणून?"

"मग राहू द्या," प्रथमेश म्हणाला.

रामरावांनी फोन ठेवला. प्रथमेश केबिनमध्ये परत गेला, कारण बाहेर पुढचे पालक येऊन बसले होते.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. आई ताटं वाढून देवासमोर जाऊन बसली. अक्षत दिवसभराच्या कामाने काळवंडलेला, डोळे लाल झालेले. दोघं भाऊ स्वयंपाकघरात समोरासमोर जेवू लागले.

"काहून नाही म्हटलं, दादा?"

"असंच."

"माझ्यासाठी म्हटलं असशील तर तसं नको करू यार. त्यांनी मला थोडीच हो म्हटलं असतं."

"माहीत आहे."

अक्षतने भातावर वरण ओतून घेतलं. कालवत राहिला, घास मात्र उचलला नाही. मग खालीच बघत म्हणाला, "दादा, एक विचारू? तू तिथंच तर होता. तिला... मी आवडलो होतो का रे?"

प्रथमेशने भावाकडे पाहिलं. आतून काहीतरी हलेल असं त्याला वाटलं, पण काही हललं नाही.

"हो," तो म्हणाला. "आवडला होतास."

अक्षतने मान डोलावली. उरलेला भात त्याने पटापट संपवला, ताट उचललं आणि मोरीत गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. हात धुवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तो नळ वाहत राहिला. प्रथमेश ताटावर तसाच बसून होता. त्याच्या हातावरचं वरण सुकून बोटं आखडत चालली होती.