अंगणाचा ढाळ

माझे वडील फरशीवाले. आता निवृत्त झालेत, पण ते लोकांच्या घरांपुरतं. स्वतःच्या घरात त्यांनी थापी अजून खाली ठेवलेली नाही. गल्लीत त्यांना सगळे लेव्हलकाका म्हणतात, कारण कुणाकडे चहाला गेले तरी ते आधी एक डोळा मिटून टेबलाकडे बघतात आणि "उजवीकडे उतरलंय हं," असं सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

आमच्या अंगणात मातीचा कण औषधालाही सापडला नसता. याची सुरुवात माझ्यापासून झाली. मी आईच्या पोटात असताना ती अंगणातल्या चिखलात घसरून बसली. झालं काहीच नाही, नुसती घाबरली. पण बाबा तिच्याहून जास्त घाबरले. त्याच आठवड्यात त्यांनी दारापासून फाटकापर्यंत फरशीचा पहिला पट्टा टाकला आणि आईला सांगितलं, "आता या घरात तुझ्या पायाला चिखल लागायचा नाही." पुढे प्रत्येक कामावरची उरलीसुरली फरशी घरी येत राहिली आणि अंगण भरत गेलं. रंग गोधडीसारखे कुठलेही, पण सांधे असे की नख शिरणार नाही. आणि ढाळ! पाणी वाहून जावं म्हणून फरशीला जो हलका उतार देतात तो ढाळ. बाबांच्या मते माणूस ओळखायचा तर त्याच्या ढाळावरून.

त्यात आई पडली. शेजारच्या टेलरकाकूंच्या पायरीवरून पाय घसरला, असं तिनं सांगितलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. आमच्या घरात खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली. झोपायची खोली आणि बाथरूम वर. म्हणून आई मावशीकडे गेली, लिफ्टच्या इमारतीत. मावशीचा तिच्यावर फार जीव आहे, पण त्या दोघी बहिणींचं प्रेम दोन वेगळ्या घरांतून जास्त चांगलं चालतं. आई रोज फोन करायची आणि पहिला प्रश्न एकच असायचा, "खोलीचं काय झालं गं?"

खोली म्हणजे खालच्या मजल्यावर, घराच्या मागच्या बाजूला, तिच्यासाठी बांधायची नवी खोली आणि तिला लागून बाथरूम. ती झाली तर आई घरी येणार, नाही झाली तर मावशीकडेच राहणार. इतका साधा हिशेब होता.

परवानगीसाठी मी नगरपालिकेत अर्ज केला आणि तेव्हा नियम कळला. आपल्या जागेच्या अर्ध्याहून जास्त भागावर छप्पर घालता येत नाही. त्यात आम्ही बसत होतो. पण शिवाय एक तृतीयांश जमीन उघडी हवी, पावसाचं पाणी तिथेच जिरेल अशी. फरशी, काँक्रीट यातलं काही चालत नाही. आमच्याकडे अशी जमीन किती? एका कुंडीत मावेल इतकीसुद्धा नाही.

"बाबा, फरशी उखडावी लागणार," मी म्हटलं.

"कशाला? पाण्याचाच प्रश्न आहे ना? माझ्या अंगणात पाणी थांबतच नाही. येऊ दे त्या तपासणीवाल्यांना, दाखवतो."

मी परोपरीनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तपासणीला आली ती माझ्याहून लहान दिसणारी एक बाई, पायात जाड बूट, हातात मोजपट्टी. बाबांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि तिनं तोंड उघडायच्या आत काठोकाठ भरलेली बादली आणली. "मॅडम, आता फक्त बघा," असं म्हणून त्यांनी ती दारापाशी ओतली. पाणी एका रेषेत निघालं. कुठे अडलं नाही, कुठे पसरलं नाही. फाटकाखालून बाहेर पडलं, फुटपाथ ओलांडला आणि थेट टेलरकाकूंच्या उंबऱ्याशी जाऊन पोचलं. त्यांचं घर उताराच्या बाजूला आहे. काकू दारातच मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता पायानं एक गुंडाळलेलं पोतं उंबऱ्यापाशी सरकवलं आणि शिवण चालू ठेवली.

"एक थेंब तरी राहिला का?" बाबांनी विजयी मुद्रेनं विचारलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तपासणीवाल्या बाईनं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काका, इतका सुंदर ढाळ मी आजवर पाहिला नाही. पण नियम नेमका यासाठीच केलाय. तुमचं पाणी तुमच्याच जागेत जिरलं पाहिजे. तेवढी जमीन उघडी करा, मी लगेच सही करते." मग ती काकूंच्या दाराशी गेली. "दर पावसात येतं का हो पाणी?"

काकूंनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "येतं कधीमधी," त्या म्हणाल्या आणि दोरा ओवायला लागल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि आमच्या अंगणात तर नक्कीच नाही.

बाबांनी त्या दिवशी जेवताना जाहीर केलं की खोली होणार नाही. "मी तिला उचलून वर नेईन. रोज. बायको माझी आहे."

"तुमचे गुडघे वाजतात तेव्हा गल्लीला ऐकू जातं," मी म्हटलं.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. खुर्चीत बसल्यावर भलेभले तोंड मिटून घेतात हे मला माहीत आहे, आणि त्यांना तोंड उघडायला लावणं हे माझं रोजचं काम. पण बाबांच्या पुढे माझी मात्रा चालेना. चार दिवस गेले. आईचा फोन आला की ते अंगण झाडायला जायचे. स्वच्छ अंगण झाडणाऱ्या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

शेवटी मी टेलरकाकूंकडे गेले. म्हटलं, निदान पाण्याबद्दल माफी तरी मागावी. काकू कापड कापत होत्या. त्यांच्या कपाटांना, मशीनला, सगळ्याला खाली विटा लावलेल्या होत्या. लहानपणापासून मी त्या बघत आले, पण त्या कशासाठी आहेत हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"काकू, तुम्ही कधी तक्रार का केली नाहीत?"

"तक्रार कुणाकडे करायची? तुझी आई तर पाऊस लागला की माझ्याआधी इथे हजर. बादली, फडका, वायपर, सगळं तिचंच. तुझ्या बाबांना सांगायची, शिवण शिकायला जाते."

हे खरं होतं. आई वर्षानुवर्षं शिवण शिकत होती आणि आजतागायत तिला बटण लावता येत नाही. आम्ही तिची त्यावरून किती थट्टा केली होती.

"आणि पडली ती..." मी म्हटलं.

काकूंनी कात्री खाली ठेवली. "पायरीवरून नाही गं पडली. इथे, या इथे. पाणी काढताना. मला शपथ घातली होती तिनं. म्हणाली, त्यांचं अंगण हे त्यांचं सगळं आहे, त्यांना यातलं काही कळता कामा नये."

मीही हे पोटातच ठेवणार होते, खरंच. पण त्या दिवशी बाबा पुन्हा म्हणाले, "पाणी गेलं तर गेलं रस्त्यावर. त्यानं कुणाचं काय बिघडलं?"

"आईचं बिघडलं!" मी ओरडले, आणि सगळं सांगून टाकलं.

ताटातला घास बाबांनी हातात तसाच धरून ठेवला होता. मग उठले, हात धुतले आणि अंगणात जाऊन फाटकापाशी उभे राहिले. मला स्वतःचाच राग आला. असं तोंडावर फेकायला नको होतं. पण बोललेलं परत घेता येत नाही.

सकाळी मला छिन्नीच्या आवाजानं जाग आली. बाबा गुडघ्यांखाली उशी घेऊन बसले होते आणि दारापासून फाटकापर्यंतचा पट्टा काढत होते. सगळ्यात पहिला, माझ्या वेळचा. मग त्याच्या लगतचे, एक तृतीयांश भरेपर्यंत. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू फोडशील." एकही फरशी त्यांनी फुटू दिली नाही. प्रत्येक सुटली की उलटी करून बघायचे आणि भिंतीला टेकवून ठेवायचे. खाली काळपट, दबलेली माती होती. इतकी वर्षं तिला ऊन लागलं नव्हतं. बाबांनी ती कुदळीनं मोकळी केली, त्यात वाळू आणि खडी मिसळली, आणि उरलेल्या अंगणाचा ढाळ पुन्हा करून तो फाटकाकडून या मातीकडे वळवला. हे शेवटचं काम त्यांना सगळ्यात जड गेलं. पाणी घरात आणायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अधर्म होता.

तपासणीवाली बाई पुन्हा आली. या वेळी बादली तिनंच मागितली. पाणी ओतलं, ते मातीवर जाऊन थांबलं. बाबांचा चेहरा बघवेना. त्यांच्या अंगणात पाणी साचलेलं मी प्रथमच पाहत होते. मग ते तळं हळूहळू आक्रसलं आणि जमिनीत गेलं. बाबा खाली वाकले, ओल्या मातीला हात लावला. "कुठे गेलं?" असं त्यांनी लहान मुलासारखं विचारलं.

"खाली, विहिरींकडे," ती हसून म्हणाली आणि तिनं सही केली.

खोली झाली. आई आली, वॉकर टेकत टेकत. फाटकात थांबून तिनं अंगणाकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेल्या फरश्यांकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. नजर चुकवायचा पहिला मान तिचा होता, दुसरा बाबांचा. मी बॅग उचलून आत गेले, पण कान बाहेरच ठेवले.

"सांगितलं का नाहीस मला?" बाबांनी विचारलं.

"सांगून काय झालं असतं? तुम्ही शेजारणीच्याही घरात फरशी घातली असती."

बाबांनी विचार केला. "घातलीच असती," ते म्हणाले.

आई घरात रुळल्यावर एका दुपारी धो धो पाऊस आला. आई पलंगावर भाजी निवडत होती. पत्र्यावर आवाज वाढला तसा तिचा हात आपोआप वॉकरकडे गेला. डोळे बादली शोधायला लागले.

"बस तू," बाबा म्हणाले. "मी बघून येतो."

छत्री घेऊन ते निघाले. बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून मला दिसत होतं: ते मातीच्या पट्ट्यातून चिखल तुडवत फाटकाबाहेर गेले, टेलरकाकूंच्या उंबऱ्याशी वाकले आणि तिथे बराच वेळ तसेच राहिले. काकू आतून काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या. मग ते परत आले, घाईघाईनं, चपला दारात काढायचं विसरून, सरळ आईच्या पलंगापर्यंत.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "अगदी ठणठणीत कोरडं."

आईनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. नव्या कोऱ्या, त्यांनी स्वतः बसवलेल्या फरशीवर दारापासून पलंगापर्यंत चिखलाची पावलं उमटली होती. त्यांचा चेहरा उतरला आणि ते फडका आणायला वळले.

आईनं त्यांचा सदरा मागून धरला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "बसा इथे."