भिंतीबाहेरचे दोन नळ

"नळ तुम्ही तोडलात. माझ्या दारातला, माझ्या भिंतीचा नळ, मला न विचारता तोडलात आणि खड्डा तसाच टाकून निघून गेलात. आता बोला."

भीमराजनं हे एका दमात म्हटलं आणि फोन कानाला घट्ट धरला. पलीकडून मघाचीच रेकॉर्ड केलेली बाई पुन्हा म्हणाली, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मग बासरी सुरू झाली. त्यानं थोडा वेळ बासरी ऐकली, फोन कठड्यावर उपडा ठेवला, चेन पाना लोखंडी पाइपाला गुंडाळला आणि दांड्यावर सगळं अंग टाकलं. गंजाचे पापुद्रे चपलेवर पडले. पाइप हलला नाही.

रस्ता रुंद होत होता. चाकणजवळच्या निघोज्यात रस्ता माणसांसाठी रुंद होत नाही, कंटेनरसाठी होतो. खोदताना तुटतं मात्र माणसांचं. जेसीबीचा दात भिंतीलगतच्या पाइपात अडकला, चालवणाऱ्यानं एक हिसका दिला, आणि दोन नळांपैकी एक लोंबकळत राहिला, दुसरा चिखलात गेला. चालवणारा खिडकीतून म्हणाला, "आपल्या हातात काय नाय, काका. वर बोला." तेव्हापासून भीमराज वर बोलत होता. वर कुणी राहत नसावं.

हे नळ कंपाउंडच्या आत नव्हते. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून होते. ती सोजरबाईची अट होती. घर बांधलं तेव्हा भीमराज कंपनीत मेंटेनन्सला होता. नळ आत लावू, झाडांना सोयीचे पडतील, असं तो बायकोला म्हणाला होता.

"आपल्याला घरात हायेत की," सोजरबाई म्हणाली. "हे दुसऱ्यांसाठी. आन् हितं पानी घेनाऱ्याला कुनी काय विचारायचं न्हाई. नाव तर अजिबात न्हाई."

तिच्या माहेरी विहिरीवरचा पोहरा दुसऱ्यांच्या हातात असायचा. ही खाली कळशी घेऊन उभी. वरची बाई विचारायची, कुणाची गं तू? त्या बाईला ठाऊक असायचं. सगळ्या गावाला ठाऊक असायचं. तरी रोज विचारायची, आणि पोरीनं बापाचं नाव मोठ्यानं घेतल्यावरच पाणी पडायचं, तेही हातभर उंचीवरून, कळशीचा विटाळ पोहऱ्याला होऊ नये म्हणून. सोजरबाईनं हे नवऱ्याला लग्नानंतर एकदाच सांगितलं. पुन्हा कधी काढलं नाही. नळ मात्र बाहेर लावून घेतले.

एक कमरेएवढ्या उंचीवर, बाटल्या आणि कॅनसाठी. एक खाली, हातपाय धुवायला. खाली शहाबादी फरशी. आसपासच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहणारी कंत्राटी पोरं-पोरी, चाकणला कांदा टाकून परतणारे ट्रकवाले, वॉचमन, सगळे यायचे, पाणी घ्यायचे, जायचे. कुणी विचारत नव्हतं, कुणाला विचारलं जात नव्हतं.

त्या लोखंडी पाइपाला एक खोड होती. बाहेर कुणी नळ सोडला की आत स्वयंपाकघराच्या भिंतीत पाइप घुमायचा. सोजरबाई भाकरी थापता थापता सांगायची, "बाटली हाय." घुमणं लांबलं की, "कॅन हाय." थांबून थांबून घुमला की, "तोंड धुतंय कुनीतरी. फर्स्ट शिफ्ट सुटली वाटतं."

भीमराजच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्याच्या धंद्यात आवाज म्हणजे दोष. उभी हयात त्यानं मशिनीला कान लावून आवाज हुडकले होते आणि मारले होते. "उद्या क्लॅम्प मारतो," तो म्हणायचा. "मारा की," ती म्हणायची, आणि उद्या त्याला दुसरंच काम काढून द्यायची.

ती गेल्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. क्लॅम्प मारायचा राहिला होता तो राहिलाच.

सयाजीचं हार्डवेअरचं दुकान गावठाणात होतं. सयाजी मूळचा इथलाच. जमीन कंपन्यांत गेली आणि तो काउंटरमागे आला.

"लोखंडी पाइप दे," भीमराज म्हणाला.

"कशाला? प्रदर्शन मांडतो का?" सयाजीनं स्टुलावर चढून पाइपाचं एक वेटोळं खाली टाकलं. "ह्यो घे. लवचिक हाय. वळवशील तसा वळतोय. गंज न्हाई, जागोजाग सांधं न्हाईत. टाकीपासनं तोटीपातुर एक सलग."

"प्लास्टिक आहे हे."

"मग? तुझी कवळी कशाची हाय?"

भीमराज हसला नाही. त्यानं पाइप दोन्ही हातांनी वाकवला, सोडला. पाइप हळूहळू आपल्या जागी आला.

"आन् आवाज न्हाई ह्येचा," सयाजी रंगात आला. "लोखंडावानी कुरकुर न्हाई. घरात असून नसल्यासारखा. बायकूपरीस बरा..."

तो थांबला. काउंटरवरचे वायसर उगाच एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकू लागला.

"जळ्ळी जीभ माझी, भीमराज."

"ह्या पाइपाच्या कड्या दाबायची पकड आहे का तुझ्याकडं?"

"हाय की. ने अशीच. संध्याकाळी येऊ का हाताखाली?"

"नको. एकट्याचं काम आहे."

"व्हय, तुझं सगळंच एकट्याचं असतंय," सयाजी म्हणाला. तोवर भीमराज वेटोळं खांद्यात अडकवून पायरी उतरला होता.

काम त्यानं कंपनीतल्यासारखं केलं. आधी जुनी लाइन तोडली. स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप निघेना, तेव्हा दोन्ही टोकांना बूच मारून तो भिंतीतच ठेवला. नवा पाइप टाकीपासून सरळ बाहेरच्या भिंतीवरून उतरवला. उन्हानं प्लास्टिक खराब होतं म्हणून त्यावर करडी नळी चढवली. प्रत्येक टोकाला पितळी कडी सरकवून पकडीनं दाबली, ओढून बघितली. तोटीच्या मागे वळणावरचा पितळी एल्बो स्क्रूनं भिंतीत असा आवळला, की कुणी लोंबकळलं तरी हलू नये. आणि पाइपाला वीतभर अंतरावर क्लॅम्प मारले. पाइप कुठंही थरथरता कामा नये. थरथरला की आवाज आला.

तो शिडीवर असतानाच धम्मरत्नचा फोन आला. धम्मरत्न त्याचा मुलगा, वाकडला राहतो, बाविसाव्या मजल्यावर.

"बाबा, शिडीवर आहात ना? आवाज येतोय ड्रिलचा."

"जमिनीवरच आहे."

"खोटं बोलू नका. बाहेरचे नळ कशाला लावताय परत? कॅप मारून टाका. आता सगळ्यांकडं जार येतात पाण्याचे."

"सगळ्यांकडं नाही येत."

"बरं, नाही येत. पण ती तुमची जबाबदारी आहे का? लॉक करा घर आणि या इकडं. तुमची खोली तशीच रिकामी आहे."

"तिकडं येऊन काय करू?"

"काय म्हणजे? राहायचं, बाबा."

भीमराजनं तोंडात धरलेला स्क्रू काढला. "तिकडं दारावरनं माणसं जातात का?"

"बाविसाव्या मजल्यावर?" धम्मरत्न हसला. मग हसायचा थांबला. "रविवारी बघतो जमतं का ते."

"बघ," भीमराज म्हणाला आणि स्क्रू पुन्हा दातात धरला.

दुपारपर्यंत काम झालं. त्यानं वरचा नळ सोडला. पाणी जाड धारेनं आलं, फरशीवरची माती घेऊन गटाराकडे निघालं. खालचा सोडला. तोही चालला. एल्बोपाशी बोट फिरवलं, कोरडं होतं. फिटरला याहून जास्त काय हवं? त्यानं हत्यारं पुसली, चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला. फर्स्ट शिफ्ट सुटायची वेळ होत आली होती.

कंपनीच्या बस आल्या. ब्रेक ऐकू आले, माणसांची गलबल ऐकू आली. भीमराजनं चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच धरला. भिंत गप्प होती.

अजून कळलं नसेल लोकांना, त्यानं मनाशी म्हटलं. इतके दिवस नळ तुटलेला. नळ फिरवून कोरड्यानं परत गेलेली माणसं लगेच कशाला येतील? कप धुऊन तो बाहेर गेला. फाटक उघडून भिंतीच्या त्या अंगाला डोकावला.

फरशी ओली होती. नुसती ओली नाही, चिंब. बुटांचे ठसे होते, चपलांचे होते, एक ठसा अनवाणी पायाचा. तोटीच्या टोकाला थेंब लोंबत होता. माणसं येऊन, पोटभर पिऊन, तोंड धुऊन गेली होती, आणि त्याला आत पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीला कान लावून उभा राहिला. आत बूच मारलेला जुना पाइप होता. त्यात आता पाणीच नव्हतं, तर तो बोलणार कसा? पाना काढून त्यानं नव्या पाइपाचे दोन क्लॅम्प ढिले केले. प्लास्टिक ते. ढिलं झालं, पण घुमलं नाही. घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता, फ्रिजचा येत होता. हे दोन्ही आवाज त्यानं यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

त्यानं पुन्हा त्या नंबरवर फोन लावला. नळ बसवून झाला होता, तक्रार उरली नव्हती. तरी लावला. बाई म्हणाली, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. बासरी संपेपर्यंत तो फोन कानाशी धरून बसला.

तिसऱ्या दिवशी तो आत थांबलाच नाही. खुर्ची घेऊन फाटकाच्या आतल्या बाजूला बसला. फाटकाच्या पत्र्याला फट होती, तिथून नळावर येणारी माणसं दिसत होती. दोन पोरं आली, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवून, शिव्या देऊन हसत गेली. भीमराज खुर्चीतून अर्धा उठला आणि तोपर्यंत ती खड्ड्यावरच्या फळीवरून पलीकडे पोचली होती. एक वॉचमन आला. तो फोनवर बोलत प्याला आणि फोनवर बोलतच गेला.

मग एक मुलगी आली. कंपनीचा निळा ॲप्रन, गळ्यात ओळखपत्र, हातात बाटली. एकटीच होती. तिनं नळ सोडला, आधी मनगटं भिजवली, मानेवर ओला हात ठेवला आणि डोळे मिटून क्षणभर तशीच उभी राहिली. मग बाटली तोटीखाली धरली.

भीमराजनं फाटक उघडलं. काय बोलायचं ते त्यानं सकाळपासून ठरवलं होतं. पाणी गार येतंय का, असं विचारायचं. शिफ्ट सुटली का, म्हणायचं. उन्हाचं म्हणायचं काहीतरी. तो फाटकातच तिच्यासमोर उभा राहिला. नळ बसवल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता, आणि त्याआधी आवाज चढवला होता तो फोनमधल्या बासरीपुढंच. आता जे निघालं ते त्याचं त्यालाही जड, दरडावल्यासारखं ऐकू आलं.

"नाव काय तुझं?"

मुलीचा हात तोटीवर गेला. पाणी थांबलं. तिनं बाटलीकडे पाहिलं, अर्धी भरली होती. दुसऱ्या हातानं गळ्यातलं ओळखपत्र धरलं आणि उलटं केलं. नावाची बाजू ॲप्रनला टेकली.

"कामून?" ती म्हणाली.

"सहज. सहज विचारलं."

"सहज नसतंय कुणी विचारत, काका." तिचा आवाज चढला नव्हता. परभणीकडचा हेल होता त्याला. "खोली बघायला गेलते तिथंबी सहजच विचारलं. नाव सांगितलं तर म्हणले, पुढचं सांग. पुढचं सांगितलं तर म्हणले, खोली गेली." तिनं बाटलीचं झाकण लावलं नाही. बाटली फरशीवर, नळाच्या बरोबर खाली ठेवून दिली, जशी एखाद्याची वस्तू त्याला परत करावी तशी. "ह्या नळावर कुणी विचारत नाही, असं पोरी म्हणल्या होत्या. म्हणून आले मी."

"पोरी, तसं नाही..." भीमराजचा हात उचलला गेला आणि मधेच राहिला. तो कुठं उभा आहे, हे त्याला तेव्हा दिसलं. ती फरशीवर, खाली. तो फाटकाच्या पायरीवर, हातभर वर.

खड्ड्यापलीकडून एक कंटेनर गेला. धूळ उडून बाटलीवर बसली. मुलगी हलली नाही. तोंडावरचं पाणी तिनं पुसलं नव्हतं, ते हनुवटीवरून खाली टपकत होतं.

"पाणी प्यायला नाव सांगावं लागतंय का इथं?" तिनं विचारलं. "तसं असंल तर सांगून टाका. उद्यापासून नाही येणार."

भीमराजनं पायरीवरून उतरायला पाय उचलला. ती एक पाऊल मागे सरली. त्यानं पाय जिथल्या तिथं ठेवला.

"असं बघत नका राहू, काका. लागतंय का? आता बोला."