पंखातला बर्फ

लंडनच्या हॅरो भागात राहणारी, बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारी उल्का आणि निवृत्त डेंटिस्ट हरीशकाका, या दोघांनी मिळून एक जुनं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घेतलं होतं. ग्लायडिंग क्लबच्या हँगरमध्ये, विमानांच्या शेडमध्ये, जागा नव्हती, म्हणून ते बाहेर गवतावर, कव्हर घालून बांधून ठेवलेलं असे.

२००८च्या जानेवारीत आठवडाभर पाऊस झाला. शनिवारी ऊन पडलं. उल्कानं कव्हर काढलं, पंख पुसले, आत बसून एअरब्रेकचा दांडा ओढून पाहिला. उंची कमी करायला पंखांतून वर येणाऱ्या त्या पट्ट्या सहज उघडल्या. बाहेर येऊन त्यांच्या खाचांत डोकावायचं मात्र राहिलं. हात गारठले होते.

ती उडाली. चार हजार फुटांवर पारा शून्याच्या बराच खाली होता. तासाभरानं ती उतरायला निघाली, तर दांडा हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही.

"काका, ब्रेक्स उघडत नाहीयेत," ती रेडिओवर म्हणाली.

खाली क्लबच्या रेडिओपाशी हरीशकाका होते.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "मैदानाच्या लांब बाजूनं ये. ग्लायडर तिरकं धर आणि उंची घालव. तुला येतं ते."

तिनं तसंच केलं. पण जमीन जवळ आली तरी ग्लायडर टेकेना. क्लबची खोली मागे गेली, गाड्या मागे गेल्या. शेवटी चाक टेकलं आणि कुंपणाच्या झाडीपासून चार पावलांवर ते थांबलं.

काका धापा टाकत आले.

"गेल्या रविवारी तुम्ही ओल्या पंखांवरच कव्हर घातलंत ना?" उल्कानं उतरता उतरताच विचारलं.

वाकून पंखाची खालची बाजू चाचपता चाचपता काकांचा हात थांबला.

"इथे टेप कुणी लावली?"

उल्का वाकली. पांढऱ्या टेपचा बोटभर तुकडा. नोव्हेंबरात तिला तिथे भोक दिसलं होतं. पाऊस आत जाईल म्हणून तिनंच ते बुजवलं होतं.

"अगं, पाणी बाहेर जायला असतं ते भोक," काका हळूच म्हणाले.

तिनं नखानं टेप सोलून काढली. थेंबही आला नाही. आत साचलेलं सगळं पाणी गोठलं होतं, त्यातच ब्रेक्स अडकले होते.

ती तिथेच गवतात बसली. काका कितीदा 'चल' म्हणाले, तरी दुसऱ्या पंखाकडे जायला तिला उठवेना. तिथेही तिनं टेप लावली होती.