लाखेचा शिक्का लागलेलं इंजिन

मी भवानी पेठेतलं एक जुनं ऑइल इंजिन आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. यंत्राला राग येत नाही असं तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. सांगणाऱ्याला कधी कुणी तारेनं बांधून ठेवलेलं नसणार.

स्वातंत्र्याच्या आधी मी बैलगाडीतून सोलापूरच्या या शेडात आलो. माझे मालक गुरप्पा. माझ्या चाकावरचा पट्टा फिरला की त्यांचे सगळे माग खडखडायला लागत आणि चादरी विणल्या जात. मी धूर सोडत होतो, ते मी नाकारत नाही. पण शेजारची चांगुणा ओट्यावर पापड वाळवते म्हणून गुरप्पांनी माझं धुराडं स्वखुशीनं छपरावर उंच नेलं. जळकं तेल विहिरीत जाऊ नये म्हणून खाली पत्र्याचं तसराळं ठेवलं. त्यासाठी त्यांना कुठल्या कायद्यानं दटावलं नव्हतं.

पुढं वीज आली. पलीकडच्या शेडाचे अण्णाराव पेठेतलं मोठं प्रस्थ. त्यांनी आपलं इंजिन भंगारात घातलं आणि गुरप्पांच्या मागं लागले, "ह्ये धूडबी काढा की! आता सगळं सरकार देतंय."

गुरप्पा म्हणाले, "वीज मीबी घेतलीया. पर तिचं बटण कुटंतरी लांब, दुसऱ्याच्या हातात हाय. ह्ये माज्या हातात हाय."

अमावस्येला माग बंद असत. त्या दिवशी गुरप्पा मला पुसत, थोडा वेळ चालवत आणि नारळ फोडत. मी खूश होतो.

मग दुष्काळ पडला. धरणात पाणी नाही, कोळसा वेळेवर नाही, त्यात परदेशात तेलाचे भाव भडकले. वीज जाऊ लागली. वीज गेली की पेठेत फक्त माझं टुकटुक ऐकू यायचं. गुरप्पांच्या चादरी आधी बाजारात जाऊ लागल्या आणि ते अण्णारावांच्या डोळ्यांत खुपलं. एक दिवस सरकारी साहेब आले. धुराची तक्रार होती. त्यांनी छपराकडं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. माझ्या चाकातून तार ओवली आणि तिच्या टोकाला लाखेचा शिक्का मारला. त्या वेळी अण्णारावांच्या रंगाच्या हौदाचं लालभडक पाणी साहेबांच्या बुटाशेजारून गटारात वाहत होतं. त्याला कुणी शिक्का मारला नाही.

"साहेब, ह्याच्या पोटात पाणी हाय. तेवढं काढू द्या, न्हाईतर गंजंल," गुरप्पा म्हणाले.

"नियम म्हणजे नियम. हात लावायचा नाही."

मी आतून गंजत गेलो. तुटपुंज्या विजेवर माग थांबले. गुरप्पांचा जुना विणकर रेवणसिद्ध दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. विणकामाचे ते हात फुटले. मी मनात एकच गोष्ट घोकत होतो, माझा दिवस येऊ दे.

आला. विजेची कपात इतकी वाढली की तेच साहेब हसत हसत आले आणि तार कापून म्हणाले, "धोरण बदललंय. ज्यांच्याकडे इंजिन आहे त्यांनी ते चालवावं. उत्पादन थांबता कामा नये."

गुरप्पांनी रॉकेल घालून माझा गंज काढला. मी खोकलो, काळं ओकलो आणि सुरू झालो. रेवणसिद्ध परत आला.

लगेच अण्णाराव दारात. दसऱ्याच्या आत त्यांना मुंबईच्या व्यापाऱ्याच्या चादरी द्यायच्या होत्या, नाहीतर ते गिऱ्हाईक कायमचं तुटणार होतं. दोन्ही शेडांत एकच भिंत. "गुरप्पा, भिंतीला भोक पाडतो. तुमच्या इंजिनावर माजे माग चालू द्या."

गुरप्पा विरघळले. पण त्यांची बायको चन्नम्मा पुढं आली. "देऊ की. पर आदी ओट्यावर हुबं ऱ्हावा आनि समद्या पेठंला सांगा, तक्रार कुणी केली आनि का केली."

अण्णारावांनी सांगितलं. "धूर कुणालाच लागत नव्हता. माज्या पोटात दुखलं." लोक ऐकत होते. मी माझं टुकटुक जरासुद्धा कमी केलं नाही.

चन्नम्मा म्हणाली, "ऐकलं. आता जावा."

"अगं, त्याची मानसं उपाशी मरतील की!" गुरप्पा कळवळले.

"मानसास्नी दुसऱ्या पाळीला हितं बोलवा. मालकाला न्हाय."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीवर बसाल, नियम कराल. जरूर करा, धूर वाईटच. पण शिक्का मारण्याआधी मान वर करून धुराडं बघा, आणि बंद केलेलं यंत्र त्याच्या धन्याला पुसू द्या. मला क्षमा शिकवू नका. दसऱ्याला अण्णारावांच्या शेडाला कुलूप होतं, आणि त्यांचे विणकर माझ्या पट्ट्यावर चादरी विणत होते.