वर आहेस ना?

मी विमान बोलतोय. प्रवासी नेणारं, खिडकीशी चहा देणारं विमान नव्हे. दोन पंख्यांचं, फुगीर पोटाचं, दिवसभर एकाच जागी घिरट्या घालणारं. इकडे फ्रान्समध्ये उन्हाळ्यात सायकलींची मोठी शर्यत निघते, तिचं चित्र तुमच्या घरी येतं ते माझ्या पोटातून. खाली मोटारसायकलवर मागे बसलेले कॅमेरेवाले चित्र टिपतात आणि वर माझ्याकडे धाडतात. डोंगर आडवा आला की ते चित्र शर्यत संपते त्या शेवटच्या गावातल्या प्रक्षेपणवाल्यांपर्यंत पोचत नाही. मी पोचवतो.

शर्यत मात्र मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. मी आपला ढगांच्या वर. खाली लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून पाव-चीज खात बसलेले असतात. शेतकरी हेलिकॉप्टरला दिसावी म्हणून शेतात गवताच्या गठ्ठ्यांची भलीमोठी सायकल मांडतात. माझ्यासाठी कुणी काही मांडलं नाही. असो, वाढणाऱ्याच्या ताटाकडे कोण बघतं!

माझी माणसं दोन. पुढे वैमानिक जेर्व्हे, पिकल्या मिशांचा. मागे लहान लहान पडद्यांसमोर ओदील, एकेका मोटारसायकलचा एकेक पडदा सांभाळणारी. त्यातला तिसरा तिच्या धाकट्या भावाचा, बाप्तिस्तचा.

त्यांचा एक रिवाज होता. घाटमाथा आला की उतार लागण्याआधी कॅमेरेवाला वर विचारायचा, "वर आहात ना?" वरून "आहोत" आल्याशिवाय गाडी उतारावर सोडायची नाही. बाप्तिस्त हे त्याच्या पद्धतीनं विचारायचा.

"काय गं ओदी, वर आहेस ना? की घोरतेयस?"

"आहे रे बाबा, आहे. सावकाश ये. तुझ्या वाटणीचं सॉसेज मी कधीच खाल्लंय, घाई करून काही मिळणार नाही."

"खादाड!" तो म्हणायचा, आणि तिसऱ्या पडद्यावर रस्ता भराभर खाली धावू लागायचा. मला ते फार आवडायचं.

एका वर्षी सुर्लोंग घाटावर दाट धुकं होतं. माझं इंधन संपत आलेलं, माझ्या जागी दुसरं विमान नुकतंच घिरटीला लागलेलं. नेमक्या त्या अदलाबदलीत बाप्तिस्तनं विचारलं, "ओदी, वर आहेस ना?" ओदीलला ऐकू आलं. तिला वाटलं, काम आता त्यांच्याकडे गेलं, ते देतील उत्तर. त्या विमानातल्यांना वाटलं, बहीणच आहे, ती देईल. कुणीच दिलं नाही. उत्तर नाही म्हणून बाप्तिस्तच्या चालकानं रिवाजाप्रमाणे वळणावर गाडी थांबवली, आणि मागून येणाऱ्या मोटारीला धुक्यात ते दोघं दिसलेच नाहीत. चालक वाचला. तिसरा पडदा पांढरा झाला.

पुढे शर्यत पुन्हा त्या घाटानं गेली तेव्हा लख्ख ऊन होतं. तिसऱ्या मोटारसायकलवर नवा माणूस होता. तरी माथा आला तसा तिसऱ्या पडद्यावर धुकं पसरलं आणि त्यातून ओळखीचा आवाज आला.

"ओदी, वर आहेस ना?"

थट्टा नव्हती त्यात. नुसतं वाट बघणं होतं. माझ्या पत्र्यावर काटा आला म्हटलं तर हसाल तुम्ही, पण आला.

त्यानंतर जेव्हा जेव्हा सुर्लोंग आला तेव्हा तेव्हा हेच. शेवटच्या गावातून माणसं ओरडायची, "अरे, तीन नंबर कुठे मेला?" जेर्व्हे छातीवर क्रूसाची खूण करायचा. ओदील ओठ घट्ट मिटून बसायची. एकदा जेर्व्हेला राहवलं नाही.

"पोरी, उत्तर दे ना त्याला. किती वर्षं वळणावर उभं ठेवशील?"

"दिलं तर तो जाईल," ओदील म्हणाली. "मग पुन्हा विचारणार नाही."

मला तिचा राग यायचा, खरं सांगतो. पण खुर्चीच्या हातात रुतणारी तिची नखंही मलाच लागायची.

मग उपग्रह आले, मोबाईलचे मनोरे आले आणि आमची गरज संपली. माझ्या शेवटच्या उन्हाळ्यात वाटेत सुर्लोंग होता. आमच्या जागी दुसरं विमान आलं. जेर्व्हे म्हणाला, "चला, निघू या."

"एक घिरटी घाला. एकच."

"इंधन नाही गं."

"पुढच्या वेळी आपण नसू, जेर्व्हे. मग तो कुणाला विचारेल?"

त्यानं मला वळवलं. तिसऱ्या पडद्यावर धुकं आलं, आवाज आला. ओदीलनं बटण दाबलं. सगळ्या गाड्यांना ऐकू जाणार होतं, तिला वेडी म्हणणार होते.

"आहे रे, बाप्तिस्त. वर आहे. सावकाश ये. तुझ्या वाटणीचं या वेळी ठेवलंय."

मग कुणी तरी हसलं. "खोटारडी!"

धुकं फाटलं. ओला रस्ता धावू लागला, वळणामागून वळण, थेट दरीतल्या गावापर्यंत. तिथे कॅमेरा आभाळाकडे वळला. निळ्या आभाळात एक फुगीर पोटाचा ठिपका फिरत होता. तो मी होतो. दुसऱ्यांची चित्रं वाहण्यात जन्म गेला, मला पहिल्यांदा कुणी टिपलं होतं. ओदील हुंदके देत हसत होती.

आता मी एका लहान धावपट्टीच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली उभा आहे. पोटाखालचे अँटेना काढून नेलेत, त्या भोकांतून चिमण्या ये-जा करतात. जेर्व्हे गेला म्हणतात. ओदील एकदा आली, खुर्चीवरची आपली उशी घेतली, आणि जाताना माझी घिरटी शोधावी तसं वर पाहिलं. मी तर खाली होतो.

दुपारी वारा सुटला की आता मीच विचारतो, "कुणी आहे ना?" तुमच्या कानावर आलं, तर उत्तर दुसरं कुणी देईल म्हणून गप्प बसू नका.