पाच मिनिटं एफीकडे

स्कालाव्हिक या बेटावरच्या गावात पुस्तकातून वाचलेली प्रार्थना चालत नसे. ती काळजातून यावी लागे, आणि काळजातून आली हे ओळखायची गावाची खूण सोपी होती : ती लांबली पाहिजे. चर्चचा वडील, म्हणजे पाळकाच्या जोडीचा पंच, आयव्हर मॅकरिची उभा राहिला की बावीस मिनिटं ठरलेली. त्याच्या आधीच्या वडिलाने अर्धा तास गाठला होता म्हणतात, पण त्यातली बारा मिनिटं इस्राएलाच्या राजांची नावं घेण्यातच जायची, असं जाणकार सांगत.

पाळक टॉर्क्विल निकल्सन चार वर्षांपूर्वी या बेटावर आला तेव्हा सहज पंचविसाला पोचायचा. या हिवाळ्यात तो अकरावर आला होता. गावाने मोजलं होतं, फक्त बोलून दाखवलं नव्हतं. तीन महिन्यांत त्याने समुद्राने परत दिलेली चार माणसं पुरली होती. चौथ्याच्या खड्ड्याशी त्याने डोळे मिटले, तर स्वतःच्या आत कुणीच नव्हतं. तेव्हापासून तो जुनी वाक्यं उलटीसुलटी करून वापरत होता आणि उरलेला भार एफी मॉरिसनवर टाकून मोकळा झाला होता.

एफी सत्तरीची विधवा. चर्चमध्ये बायकांनी तोंड उघडायचं नाही अशी शिस्त, म्हणून ती रोज पहाटे आपल्या शेगडीशी गुडघे टेकायची आणि तासभर पाळकासाठी, त्याचं नाव घेऊन, देवाकडे मागायची. साऱ्या गावाला हे माहीत होतं.

“इंजिन मावशीच्या घरात आहे, पाळकसाहेब,” आयव्हर म्हणायचा. “तुम्ही आपलं धुरांडं.”

निकल्सन हसायचा. पण ते त्याला अगदी खरं वाटायचं, इतकं की स्वतः गुडघे टेकणं त्याने हळूहळू सोडूनच दिलं होतं.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला पोस्टात फोन आला. गावची बोट उत्तरेच्या टोकाशी खडकावर आदळली होती. पाचांपैकी चार वाचले, त्यांना पलीकडच्या बंदरात नेलं होतं. त्यात एफीचा मुलगा रॉरी होता. पाचवा, युअन मॅक्लिनन, सापडला तो मेलेलाच. त्याची बायको मार्साली खाली किनाऱ्याजवळच्या घरात होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

पाळकाने काळा कोट चढवला. आयव्हरनेही चढवला. रविवार सोडून आडवारी हे दोन कोट बरोबर रस्त्याला लागले म्हणजे काय, हे तिथल्या पोरासोरांनाही सांगावं लागत नसे. ज्यांची माणसं समुद्रावर, त्या बायका खिडकीशी येऊन उभ्या राहत. कोट पुढे गेले की त्या घरातली बाई श्वास सोडी आणि पुढच्या घराकडे बघू लागे. कोट ज्या दाराशी वळले तिथे बातमी बोलायच्या आधीच पोचलेली असे. दार उघडं, दोन खुर्च्या मांडलेल्या.

विहिरीपाशी वाट फुटत होती. वर एफीचं घर, खाली मार्सालीचं. निकल्सनचे पाय थांबले.

“पाच मिनिटं एफीकडे जाऊ,” तो म्हणाला.

“कशाला?”

“तिने माझ्यासाठी मागावं म्हणून. आयव्हर, त्या पोरीसमोर मी तोंड उघडलं तर आतून काही यायचं नाही रे. आणि एफीला तर चांगलीच बातमी द्यायची आहे.”

“साहेब, लोक बघतायत. इथे कोट एकदाच वळतात.”

“पाच मिनिटं, म्हटलं ना!”

आयव्हर उभ्या जन्मात पाळकाच्या पुढे पाऊल टाकायला शिकला नव्हता. तो मुकाट मागून चढला.

एफीचं दार सताड उघडं होतं. दोन खुर्च्या मांडलेल्या. ती स्वतः भिंतीला टेकून उभी, अंगावर रविवारची शाल.

“बसा,” ती म्हणाली. “सापडला तरी का, की समुद्रानेच ठेवला?”

“मावशी, नाही! रॉरी जिवंत आहे. बंदरात आहे. संध्याकाळपर्यंत घरी येईल.”

एफी हलली नाही. मग तिचे ओठ पांढरे पडले.

“मग माझ्या दारात का आलात?”

“मला बळ नाही, मावशी. तुम्ही माझ्यासाठी मागा, मग मी जातो.”

“कुठे जाताय?”

तो बोलायच्या आत पायऱ्यांवर धावती पावलं वाजली. मार्साली आत आली. हात कोपरापर्यंत पिठाचे, फडक्यात गुंडाळलेला गरम पाव छातीशी. दुखवट्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून तव्यावरून तसाच उचलून आणलेला. तिने पाव टेबलावर ठेवला आणि एफीच्या गळ्यात पडली.

“मावशी गं, माझी मावशी! मी आहे ना. युअन आला की तोही रॉरीच्या जागी तुझं सगळं करील. तू एकटी नाहीस हं.”

एफी लाकडासारखी ताठ उभी होती. मार्सालीच्या खांद्यावरून ती पाळकाकडे बघत होती.

मार्सालीने डोळे पुसले. डोळे रडत होते, पण चेहऱ्यावर उजेड होता आणि तो तिला लपवता येत नव्हता.

“साहेब, एक सांगू? रागावू नका,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही विहिरीपासून वर वळलात ना, तशी मी चुलीपुढे पडले आणि देवाचे आभार मानले. या मावशीचं घर बुडताना मी आभार मानले. मला क्षमा होईल का हो?”

निकल्सनने आत चाचपलं. तिथे काही नव्हतं. त्याने एफीकडे पाहिलं. तिने मान फिरवली. आयव्हर आपल्या टोपीच्या काठाकडे बघत होता.

“मार्साली,” निकल्सन म्हणाला, “रॉरी वाचला. युअन गेला.”

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो हिशेबात चुकला होता आणि त्याला समजावून सांगायला हवं होतं.

“नाही. तुम्ही इकडे वळलात.”

“पोरी–”

“मी खिडकीत होते. मी बघितलं. तुम्ही इकडे वळलात!”

मग ती जमिनीवर बसली. आवाज उशिरा आला, पण आला तेव्हा आयव्हरने दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने निकल्सन एफीला म्हणाला, “मावशी, तुम्ही मागा. तिच्यासाठी तरी.”

“माझा घरी येतोय,” एफी म्हणाली. “या पोरीसमोर मी कोणत्या तोंडाने बोलू? वळलात तुम्ही. मागा तुम्ही.”

तो गुडघ्यांवर आला, खुर्चीवर कोपरं टेकली. आयव्हर वाट बघत राहिला. घड्याळ वाजत होतं.

“प्रभू,” निकल्सन म्हणाला, “मी भ्यालो. म्हणून मी इकडे वळलो.”

पुढे काही आलं नाही. तेवढंच त्याच्याकडे होतं, पण ते त्याचं स्वतःचं होतं, उसनं नव्हतं. तो तिथेच थांबून राहिला.

मार्साली उठली. तिने पावाकडे पाहिलं, तो उचलला नाही, आणि ती बाहेर पडली. निकल्सन धडपडत उठून मागे गेला. ती विहिरीवरून खाली उतरत होती, तो दहा पावलं मागे, आयव्हर त्याच्याही मागे. मघाशी सुटका झाली म्हणून कपडे वाळत घालायला लागलेल्या बायका, कोट पुन्हा खालच्या वाटेला लागलेले बघून, एकेक करून परत खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.