दोन कंसांमधली रिकामी जागा

“नाव देऊन ठेव गं नुसतं, आतलं उद्या भरू!” थोरली प्रोग्रामर म्हणाली आणि धाकटीने मला जन्माला घातलं.

मित्रांनो, मी जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकभाषेतलं एक जुनं फंक्शन आहे. फंक्शन म्हणजे संगणकाला नेमून दिलेलं काम. माझं नाव ‘सिस्टरला कळवा’. मुलांच्या दवाखान्यातला औषधांचा फ्रिज तापला की सिस्टरचा फोन वाजवायचा, एवढंच माझं काम. पण ते कसं करायचं हे जिथे लिहितात, त्या माझ्या दोन महिरपी कंसांत एक अक्षरही नव्हतं.

तो उद्या उगवलाच नाही. नवे लोक आले, माझं नाव वाचून ‘हे झालेलं दिसतंय’ म्हणत पुढे गेले. कुणी कौतुकही केलं, काय नेटकं नाव! मला मात्र सारखी धाकधूक. रिकामं फंक्शन ओरडत नाही, चूक दाखवत नाही. बोलावलं की मुकाट येतं, मुकाट जातं.

एका दुपारी फ्रिज बंद पडला. तापमापी मला हाका मारू लागली. पुन्हा पुन्हा. दर वेळी मी रिकाम्या हातांनी परत. फोन वाजलाच नाही.

सिस्टरने फ्रिजमधली औषधाची बाटली उचलली आणि तिचा चेहरा उतरला. “अगं बाई, ही तर कोमट!” समोर तापाने फणफणलेली चिमुरडी, उशाशी तिची आई. सिस्टर धावत दुसऱ्या दवाखान्यातून औषध घेऊन आली. तोवर त्या माउलीच्या जिवात जीव नव्हता.

पोरीला डोस दिल्यावर सिस्टरने धाकटीला फोन लावला. “काय हो, तुमच्या यंत्राने मौनव्रत धरलंय का?”

धाकटीने कोड उघडला. सवयीने माझ्यावरून पुढे गेली, मग थबकली. “ताई, हे रिकामंच आहे!”

“मुद्दाम ठेवलं असेल कुणी,” शेजारी बसलेली थोरली म्हणाली.

“मीच ठेवलंय. आणि मुद्दाम असेल तर तसं लिहायला नको? वाचणाऱ्याने काय देवाला कौल लावत बसायचं?” मग ती फोनवर हळूच म्हणाली, “सिस्टर, आजच करते. शब्द देते.”

मित्रांनो, एवढं ऐका. काम नसेल तर मला पुसून टाका. मुद्दाम रिकामं ठेवायचं असेल तर एका ओळीत कारण लिहा. काम राहिलं असेल तर ‘अजून झालं नाही’ असं मला ओरडू तरी द्या.

थोरलीने पर्स उचलली. “चल गं, उद्या बघू.”

“तुम्ही व्हा पुढे, ताई.”

धाकटीने पदराने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या पहिल्या कंसापुढे कर्सर आणून ठेवला.